पल्लवीने सोडलेला बॉल

१ नोव्हेंबर १९९८, रविवार

पल्लवीला पुन्हा उलटी! सकाळचं थालीपीठ जसंच्या तसं बाहेर. मॅच पुढच्या रविवारी, आज तर नुसती प्रॅक्टिस. हे म्हणाले, "काय नाय, पोरीला पित्त झालं असंल." पित्त काय बूट घालायच्या वेळीच होतं? पण बोलले नाही. बोलायला हवं होतं.

४ नोव्हेंबर, बुधवार

जूनमध्ये टीव्हीवर फुटबॉलचा वर्ल्ड कप लागला आणि हे वेड घरात शिरलं. ह्यांची पहिली पाळी सुटली की कॉलनीतली सगळी पोरं एकलहऱ्याच्या मैदानावर. लहान-मोठं, मुलगा-मुलगी काही नाही. शेजारच्या सविताचा अमित सहा वर्षांचा, तो लिंबूटिंबू. त्याच्या पायात बॉल आला की कुणी अडवायचं नाही. गोलकीपरने बाजूला व्हायचं, त्याला गोल मारू द्यायचा— आणि तो मोजायचा नाही. अमित हात वर करून मैदानभर पळायचा. पल्लवी गोलमध्ये उभी, हसून हसून खाली लोळायची. दहा वर्षांची घोडी, पण तिचं हसणं मला ओट्यापाशी ऐकू यायचं.

आता ह्यांनी टीम केली. टीम म्हटल्यावर अमित बाहेर. शिट्टी आली, रांगा आल्या. हे तसे वाईट नाहीत हो, पण मैदानावर गेले की आवाजच बदलतो. "पल्लवी, डोळे फुटले का?" सगळ्यांदेखत! घरी आल्यावर विचारलं तर म्हणते, "काही नाही, आई." त्या 'काही नाही'चीच मला धास्ती वाटते.

८ नोव्हेंबर, रविवार

जिंकले. पल्लवीने दोन गोल अडवले. हे तिला खांद्यावर घेऊन घरी आले, पेढे वाटले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मी पायांकडे बघत होते— थरथरत होते. पेढा तिने तसाच माझ्या हातात दिला.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज धीर केला. म्हटलं, "अहो, ती घाबरते. एखादी मॅच दुसऱ्या कुणाला उभं करा की."

हे जेवता जेवता थांबले. "अगं, मी इतकी वर्षं मशीनपुढं उभा हाय. कुणी नाव तरी घेतं का? ही पोर लय पुढं जाईल. आज भीती वाटती, उद्या सवय होईल." मग हळूच म्हणाले, "तू तिच्या डोक्यात काय घालू नको."

मला फुटबॉलमधलं काय कळतं! पण पोरीचं कळतं. नखं कुरतडून बोटं लालबुंद झालीत. शाळेत बाई विचारत होत्या म्हणे, घरी सगळं बरं आहे ना?

काय सांगू? घरी सगळे जिंकतायत.

१५ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा जिंकले. देवापुढे बसले आणि सरळ मागितलं— एकदा हरू दे. आईने असं मागावं का? मागितलं खरं.

पुढचा सामना मनमाडच्या रेल्वे कॉलनीशी. तो जिंकला की पुढे नाशिक. मग पुढे अजून कुठेतरी. ह्याला शेवट आहे का!

२१ नोव्हेंबर, शनिवार

पल्लवीने दूध नुसतं ओठाला लावून ठेवलं. अंगात कणकण. हे म्हणाले, "उद्या मैदानात उतरली की सगळं पळतंय बघ." 

२२ नोव्हेंबर, रविवार

मनमाडहून आत्ताच आलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बरोबरी होती. सामना संपत आला होता. त्यांच्याकडे एक एवढासा पोरगा, शर्ट गुडघ्यापर्यंत. तो बॉल घेऊन सुटला. पल्लवी पुढे आली, थांबली— आणि चक्क बाजूला झाली! पाहुण्याला वाट द्यावी तशी. बॉल सरळ आत. मनमाडवाले नाचायला लागले.

 हे धावत निघाले, तोंड लाल. जन्मात पोरीवर हात उचललेला नाही, पण मला वाटलं आज मारतात! मीही मागून धावले. "हे काय केलंस गं?"

पल्लवी खाली मान घालून म्हणाली, "मला वाटलं लिंबूटिंबू आहे, बाबा."

ह्यांनी त्या एवढ्याशा पोराकडे पाहिलं. आणि मग हसायला लागले! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. रडकुंडीला आलेली पोरंही हसायला लागली. येताना गाडीत गाणी. पल्लवीने डबा चाटूनपुसून खाल्ला. कितीतरी दिवसांनी!

२६ नोव्हेंबर, गुरुवार

अख्ख्या कॉलनीत गोष्ट झाली. हेच सांगत सुटलेत, "आमची पोर लय भोळी!" सविता म्हणाली, "अशी पोर नशिबाने मिळते गं." काल मैदानावर अमितलाही घेतलं. शिट्टी कपाटात गेली. हे मला म्हणाले, "मीच जरा येडा झालो होतो." आज शिरा केला. खूप हलकं वाटतंय.

२९ नोव्हेंबर, रविवार

वेणी घालत होते. पल्लवी आरशातूनच म्हणाली, "आई, तो मुलगा पाचवीतच आहे, माझ्यासारखा. मॅचच्या आधी आम्ही बोललो होतो."

माझा हात थांबला.

"बाबांना सांगू नकोस हं. ते परत टीम करतील."