ब्रेक तुम्ही नीटच बसवले होते, अप्पा

प्रिय अप्पा,

काल कडा गावच्या भर बाजारात मी तुमच्या मालकाचा, सर्जेरावाचा, उजवा हात मोडला. चाकाच्या पान्यानं, मनगटाच्या जरा वर, एकाच घावात. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि खरं सांगते, तो आवाज ऐकून मला बरं वाटलं.

आज नाहीतर उद्या पोलीसठाण्यातल्या अमीनसाहेबांचे जवान मला न्यायला येतील. त्याआधी तुम्हाला सगळं सांगून टाकायचं आहे. जिवंत होतात तेव्हा तुमच्यापुढं तोंड उघडायची सोय होती का? आता तुम्ही मधेच ओरडणार नाही. तेव्हा ऐका.

किती मारायचात हो तुम्ही! माझ्या डाव्या भुवईवर अजून खूण आहे. बारा नंबरचा पाना मागितलात, मी चौदाचा दिला, तर तोच फेकून मारलात. रक्त डोळ्यात उतरलं तशी चिंधी जाळून राख दाबलीत आणि वर मलाच शिव्या दिल्यात. गावात सगळे म्हणायचे, शिवप्पा ड्रायव्हर माणसाशी बोलतो कमी आन् मारतो जास्ती.

पण सासरच्यांनी मला मूल होत नाही म्हणून परत आणून सोडलं, तेव्हा दारात तुम्हीच उभे होतात. आई जाऊन वर्ष झालं होतं. चार दिवस तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. पाचव्या दिवशी म्हणालात, "रडत कावून बसलीस? चल, पायडल दाबाया माणूस पायजे." आणि सर्जेरावाच्या त्या जुन्या लॉरीत तुमच्या जागेवर मला बसवलंत. बाई लॉरीत चढली म्हणून अख्खी आळी बघायला आली होती. तुम्ही कोणाकडं पाहिलंसुद्धा नाही.

शेवटचे ब्रेक आपण बसवले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. मागची दोन्ही चाकं उतरवली होती. ड्रम निघत नव्हते, तुम्ही घण घालून घालून काढले. आतल्या पट्ट्या झिजून लोखंड दिसत होतं. नव्या पट्ट्या चढवताना स्प्रिंग सटकली आणि तुमचा तळहात अंगठ्यापासून चिरत गेली. तुम्ही नुसते थुंकलात, हात धोतराला पुसलात आणि तीच स्प्रिंग पुन्हा ओढून बसवलीत. चाकातल्या छोट्या सिलिंडरमधली रबरं नवी, नळ्या साफ, ड्रम पुसलेला. मग हवा काढायचं काम.

मी वर, तुम्ही चाकाखाली पालथे. "दाब!" मी पायडल दाबायची. "धर तसंच!" तुम्ही चाकामागचा स्क्रू ढिला करायचात, तेल आणि हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत यायचे. स्क्रू आवळला की "सोड!" आधी लांबचं चाक, मग जवळचं. स्क्रू उघडा असताना पाय उचलला तर हवा उलटी आत शिरते आणि सगळं मुसळ केरात, हे तुम्ही मला मारून मारून शिकवलं होतं.

त्या दिवशी मी पाय उचलला होता, अप्पा.

एकदाच. पोटरीत गोळा आला. तुम्ही "धर!" म्हणत होतात आणि माझा पाय सुटला. तुम्हाला ते कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. भुवईवरची खूण ताजी होती ना! त्यानंतर तुम्ही अजून पाच-सात वेळा दाबायला लावलंत. शेवटी पायडल दगडासारखं घट्ट झालं, तेव्हा मला वाटलं, निघून गेली असेल हवा.

आठ दिवस लॉरी चांगली चालली. ब्रेकचं तेल कमी आहे, नगरहून डबा आणवा, असं तुम्ही सर्जेरावाला रोज सांगत होतात. मग नवव्या दिवशी ब्रेक धरायला लागले. पायडल सोडलं तरी चाक मोकळं होईना. ड्रमवर पाणी टाकलं तर चर्र आवाज करून वाफ निघाली. तुम्ही सर्जेरावाच्या वाड्यासमोर लॉरी उभी केलीत आणि किल्ली काढून घेतलीत. मागं कापूस वेचायला निघालेल्या बावीस बाया बसल्या होत्या.

"न्हाई निघायची," तुम्ही म्हणालात. "चाकं खोलल्याबिगर मी घाटात न्हेत न्हाई."

सर्जेराव ओट्यावरून उतरला. "माझा कापूस शेतात वाळतोय आन् तू मला शिकवतो बे?" त्याच्या हातात बैलांचा आसूड होता. पहिला फटका तुमच्या तोंडावर बसला. दुसरा मानेवर, तिसऱ्याला सदरा फाटला. मी मोजत होते. अकराव्याला तुम्ही गुडघ्यावर आलात. बायांतली एकही बोलली नाही, मीही नाही. तुम्ही, एवढे मारकुटे, एकदाही हात उचलला नाहीत. का हो अप्पा? माझ्यावर तर किती पटकन उठायचा तुमचा हात!

मग तो म्हणाला, "किल्ली दे. दगडू चालवील."

दगडू त्याचा गडी. सपाट रस्त्यावरसुद्धा लॉरी बाभळीत घालायचा. तुम्ही बायांकडं पाहिलंत, उठलात आणि चाकामागं जाऊन बसलात. मी शेजारी चढले. पाठीतलं रक्त गादीला लागत होतं, म्हणून तुम्ही पुढं वाकून चालवत होतात.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर पायडल खाली गेलं ते वर आलंच नाही. तुम्ही हातब्रेक ओढलात. जळका वास आला, पण वेग कमी होईना. गियर खाली टाकलात तर इंजिन किंचाळलं. डाव्या हाताला दरी, उजवीकडं कातळ. मागं बायांनी बोंब ठोकली. तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत.

"उडी मार, भवाने!"

मी दाराला धरून बसले. तुम्ही स्टिअरिंग एका हातात धरलंत आणि लाथ घातलीत. तुमची टाच माझ्या बरगडीत बसली आणि मी दारासकट बाहेर, दरीच्या काठच्या झुडपात फेकले गेले. माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पडल्या पडल्या मी पाहिलं, तुम्ही लॉरी उजवीकडं वळवलीत. चालवणाऱ्याची बाजू कातळावर घातलीत. बावीसच्या बावीस बाया जगल्या, एकीचा पाय तेवढा गेला. तुम्हाला पत्रा कापून काढावं लागलं. छाती उरली नव्हती, आणि गळ्यातल्या लिंगाची डबी, तो करडा, चेपून कातड्यात रुतला होता.

शेवटचं बोललात ते शिवी देऊन. शेवटचं शिवलात ते लाथेनं! दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

सर्जेरावानं तुमच्या मातीलाच सांगून टाकलं, "शिवप्पा पिऊन हुता. आन् ब्रेक काय, बाईच्या पायानं बसवलेले!" तुम्ही उभ्या जन्मात दारूला शिवला नव्हतात. पण लोकांनी मान हलवली. आणि मी तरी काय बोलणार होते? माझा पाय सुटला होता. माझ्यामुळंच हवा आत राहिली, मीच तुम्हाला मारलं, असं मी दोन वर्षं धरून चालले. कड्याला मल्लाप्पामामानं आसरा दिला. मामीनं वाढलेलं ताट मी गाईपुढं सरकवायची. बाया मला पाहून पदर तोंडाला लावायच्या. एकदा तर मी विहिरीच्या काठापर्यंत गेलते.

ती मोडकी लॉरी एवढे दिवस सर्जेरावाच्या गोठ्यात कडब्याखाली पडून होती. कोणाला हात लावू देत नव्हता. गेल्या महिन्यात गोठा पाडायला काढला तेव्हा ती मामानं घेतली, आणि परवा दगडू बैल जुंपून ओढत घेऊन आला. मामा मिस्त्री शोधायला निघाला होता. मी म्हणाले, "मागची चाकं मी खोलते."

ड्रम काढला. छोटा सिलिंडर उघडला. आतलं रबर बाहेर निघेना, इतकं फुगलं होतं. चिमट्यानं ओढलं तर भिजलेल्या भाकरीसारखं तुटून हातात आलं. वास घेतला. इंजिनचं तेल! मी ब्रेकच्या तेलाची वरची टाकी उघडली, तिच्यातही तेच, काळं. ब्रेकच्या तेलाच्या जागी इंजिनचं तेल ओतलं की रबर फुगतं, ब्रेक धरून बसतात, आणि शेवटी रबर फाटतं. हे तुम्हीच मला सांगितलं होतं. नुसत्या हवेनं रबर कधी फुगत नाही, अप्पा. कधीच नाही!

दगडू बैलांना पाणी दाखवत होता. माझ्या हातातलं रबर पाहून त्यानं बादली खाली ठेवली.

"गंगाक्का, म्या वतलं," तो म्हणाला. "मालक म्हनले, डबा कोन आणतंय, तेल तेलच असतंय. शिवप्पाला सांगू नको म्हनले."

मी त्याला मारलं. बुक्क्यांनी मारलं, त्याच्या नाकातून रक्त आलं तरी मारत राहिले. त्यानं हात वर केला नाही. मामीनं मला ओढून बाजूला काढलं तेव्हा माझीच बोटं सोलली होती.

काल बाजार होता. सर्जेराव घोंगड्यांच्या दुकानापुढं उभा होता. मी रबर त्याच्या तोंडासमोर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्या बापाच्या ब्रेकमध्ये इंजिनचं तेल कुणी वतायला लावलं?"

"हिला बाजूला करा," तो म्हणाला आणि त्यानं आसूड उचलला. तोच हात, अप्पा. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला. दुसरा मी बसू दिला नाही.

तो मातीत पडून ओरडत होता. त्याच्या दोन गड्यांनी माझे केस धरून मला खाली पाडलं, लाथा घातल्या. तेवढ्यात दगडू गर्दीत शिरला. सुजल्या तोंडानं त्यानं सगळं सांगितलं. आसूड, डबा, तेल, सगळं. आणि मग जिचा पाय गेला ती सखूबाई कुबडी टेकत आली आणि माझ्या अंगावर आडवी उभी राहिली. तिच्यामागं एकेक करून तुमच्या लॉरीतल्या बाया आल्या. गडी मागं सरले.

आज सकाळी मी ब्रेक बसवले. मामानं नव्या रबरांबरोबर खरं तेलही आणलं होतं. नळ्या स्पिरिटनं तीन वेळा धुतल्या, पट्ट्या चढवल्या. स्प्रिंगनं माझाही हात फाडला. पायडलवर मामीला बसवलं. मी चाकाखालून ओरडत होते, दाब, धर, सोड. मधेच मामीचा आवाज आला, "गंगे, पाय उचलला गं माझा."

माझ्या मुठीत पाना होता, आणि मूठ आवळली, अप्पा. तुमचंच रक्त! पाना मातीत ठेवला. मग म्हणाले, "काय न्हाई झालं मामी. परत दाब." बुडबुडे आले, पाच-सात वेळा दाबल्यावर संपले आणि पायडल घट्ट झालं. म्हणजे त्या दिवशीही हवा निघालीच होती! तिथं चाकाखाली पडूनच मी रडले. तुम्ही मेल्यावर पहिल्यांदा.

मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. आणि मला सांगता येईल असे तुम्ही असायला हवे होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी माफी मागते, तुम्हीही मागितली असं धरते.

मामा म्हणतो, हद्दीपलीकडं इंग्रजांच्या मुलखात नगरला जा, तिथं इकडचा जवान येत नाही. मी जाणार नाही. अमीनसाहेबांपुढं उभी राहून सांगेन, हात मीच मोडला. पण त्याआधी दगडूची आणि बावीस बायांची जबानी लिहून घ्यायला लावीन. शिवप्पा ड्रायव्हर शुद्धीत होता, त्याचे ब्रेक चोख होते, आणि त्यानं लॉरी जाणूनबुजून आपल्या अंगावर घेतली, हे सरकारी कागदावर चढेपर्यंत मी माझा अंगठा उठवणार नाही. अंगठा कशाला, सहीच करीन. तुम्ही मला मठातल्या स्वामींकडं दोन वर्षं लिहायला-वाचायला धाडलं होतंत, ते वाया जाऊ देणार नाही. हा माझा शब्द.

मामी हाक मारतेय. दारात जवानांचे घोडे थांबलेत.

तुमची,
गंगा शिवप्पा