हजार वॅटचा हट्ट

प्रिय लाझार,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. हे फोनवर बोलता येत नाही. आपला फ्लॅट केवढासा आहे ते तुला ठाऊक आहे आणि तुझ्या बाबांचे कान अजून शाबूत आहेत. तर ऐक. शेजारच्या पेन्चोच्या नातवासाठी म्हणून बाबा तुला फोनवर विचारत होते ना, कोणतं ग्राफिक्स कार्ड चांगलं, त्याला वीज किती लागते? पेन्चोला नातू नाही. दोन मुली आहेत आणि दोघीही लग्नाचं नाव काढत नाहीत. गेमिंगचा तो कॉम्प्युटर तुझे बाबा स्वतःसाठी बांधताहेत. तू खेळतोस तो ट्रक चालवायचा खेळ त्यांना तुझ्याबरोबर खेळायचा आहे.

हसू आलं ना? मलाही आलं होतं. गाब्रोवोची माणसं कंजूष म्हणून सारा देश हसतो, आणि तुझ्या बाबांनी गावाचं हे नाव आजवर खाली पडू दिलेलं नाही. त्यामुळे पहिलं कार्ड त्यांनी जुनंच घेतलं, कुणा अनोळखी माणसाच्या गाडीच्या डिकीतून. "माझा मुलगा यावर कधीमधी फुटबॉलचा खेळ खेळायचा, बाकी काही नाही," असं तो माणूस आईची शपथ घेऊन म्हणाला. घरी आणून पंखे उघडले तर आत चिकट काळी धूळ. त्या कार्डानं कुठल्याशा तळघरात रात्रंदिवस कॉम्प्युटरवरची ती बिटकॉइनसारखी नाणी खोदली होती. पेन्चोच्या मशीनमध्ये लावून बघितलं, तर हिरव्या रेघा आल्या आणि मग सगळं काळं. "गिरणीला जुंपून म्हातारं केलेलं गाढव रंग फासून विकलं मला," एवढं म्हणाले आणि पुढे किती तरी दिवस राग काढला तो माझ्या घेवड्याच्या सूपवर. सूपचा काय दोष, ते काही सांगितलं नाही.

मग आम्ही दुकानात गेलो. मी बरोबर गेले ती पाकिटावर लक्ष ठेवायला. तिथे योआना नावाची मुलगी असते, केस निळे, पण बोलणं चोख. ती म्हणाली, "काका, मॉनिटर बेताचा घ्या. मग मधलं कार्ड पुरेल आणि साडेसहाशे वॅटचा पॉवर सप्लाय पुरेल." बाबांनी भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या मॉनिटरकडे बोट दाखवलं. "त्याला भारी कार्ड लागेल," ती म्हणाली, "आणि भारी कार्डाला भारी सप्लाय." "मग भारी दे." मी त्यांना कोपरानं ढोसलं, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हजार वॅटचाच हवा म्हणून अडून बसले. "एवढा कशाला? घरी वेल्डिंग करणार आहात का?" तिनं विचारलं. तेव्हा हे आपले सप्लायची खोकी एकेक उचलून हातानं तोलू लागले. जड तो खरा, हलका तो खोटा, हा त्यांचा कापड गिरणीत कामाला होते तेव्हाच्या विजेच्या मोटारींपासूनचा नियम. योआना म्हणाली, "काका, वजन बघून कलिंगड घेतात. सप्लायची मागची पट्टी वाचायची असते. खोक्यावर मोठा आकडा काय, कुणीही छापतं." आणि तिनं ती पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती जवळ घेतली, लांब धरली, मग मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघितली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. शेवटी म्हणाले, "तूच वाच, पोरी." चष्मा विसरले असतील असं मला वाटलं. चष्मा नाकावरच होता.

परतताना बसस्टॉपवर मी त्यांना खोदून विचारलं. तेव्हा सांगितलं. पानगळीपासून ते पेन्चोच्या गाडीतून तर्नोवोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताहेत आणि मला सांगताहेत की मासे पकडायला जातो. आणि मी वेडी, एकदाही मासा घरी आला नाही तरी विचारलं नाही. नजरेचा मधला भाग चाललाय, लाझार. कडा राहतील, त्यामुळे दाराला धडकणार नाहीत, पण समोरचा चेहरा आणि छापलेलं अक्षर जाईल. इंजेक्शनं चालू आहेत, त्यानं थोडा उशीर होईल इतकंच. "शरद ऋतूपर्यंत थांबा, नवी कार्डं आली की हीच स्वस्त होतील," असं तू सांगितलंस तेव्हा बाबा "बरोबर आहे" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या दुकानात जाऊन ते घेऊन आलो. तुझा सल्ला चुकीचा नव्हता. शरदात त्यांना पडद्यावरचं वाचता येईल, असं मात्र डॉक्टर म्हणत नाहीत. मला फार भीती वाटते, आणि त्यांच्यासमोर ती दाखवता येत नाही.

आता मशीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे आणि आम्ही मांडीवर ताटली घेऊन जेवतो. योआनानं घरी येऊन खेळातली अक्षरं होतील तेवढी मोठी करून दिली. खेळणाऱ्या इतरांच्या ट्रकवर ज्याचं त्याचं नाव तरंगतं ना, तेही. बाबा रोज सराव करतात, रोज टोलनाक्याला धडकतात आणि नाका चुकीच्या जागी बांधलाय म्हणून सरकारला शिव्या घालतात. त्यांचा बेत तुझ्या नामदिनाचा आहे, ईस्टरआधीच्या लाझारच्या शनिवारचा, तुझ्या नावाच्या संताचा तो दिवस. "नामदिनाला बोलावणं नसतं, आठवेल तो येतो," असं म्हणतात. "तिथे रॉटरडॅममध्ये पोराकडे कोण येणार? कुणाला ठाऊक तरी आहे का? मी जाईन." म्हणजे खेळात न सांगता तुझ्या रस्त्यावर यायचं आणि तुझ्या मागोमाग ट्रक हाकायचा. चेहरा तसाही खेळात दिसत नाही, म्हणतात, नाव दिसलं की झालं. हे सांगताना ते इतके खूश होते की मी उठून नळ सोडला आणि उगाच भांडी घासत बसले.

आणि गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालास, आता वेळच मिळत नाही, कॉम्प्युटर विकायला काढलाय, एक जण बघायला येणार आहे. बाबा तेव्हा बाल्कनीत होते. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र. विकू नकोस, बाळा. विकला असशील तर कुणाचा तरी मागून आण, पण त्या शनिवारी संध्याकाळी तू त्या रस्त्यावर असायला हवास. मी सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. मागून एखादा ट्रक फार जवळ आला, कदाचित धडकलाही, तर चिडून पुढे निघून जाऊ नकोस. हळू चालव. त्यांना तुझं नाव वाचायला वेळ लागतो.

तुझीच,
आई