गुरुवारची घंटा

रविवार, ३ मार्च १९७४

कालची भाकरी, कालचीच आमटी. रविवार ना आज! रविवारी आमच्याकडे स्टो पेटत नाही, सुईत दोरा जात नाही, बाळीची दुपटीसुद्धा नुसती भिजत पडतात. आबांचा नियम! सासरे माझे, पण मनातल्या मनात मी त्यांना हेडमास्तर म्हणते. जन्मभर नगरकडे मिशनच्या शाळेत शिकवलं, आता खराळवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत शाळा भरते. विद्यार्थी तीन — मी, शांतवन आणि पाळण्यातली बाळी. (चारचौघांत नवऱ्याला 'हे' म्हणते. वहीपुढे कसला आलाय मान!)

शांतवन सकाळीच कामावर गेला. इथं वीज पुरत नाही म्हणून कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. बाजारही गुरुवारीच बंद. देवाचा वार रविवार, कंपनीचा गुरुवार, आणि मधल्या मध्ये माझा नवरा!

आज खडकीहून पाळकसाहेब आले होते, प्रभुभोजन होतं. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला मेजापाशी कोण? आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि घड्याळवाले उद्धवराव. त्यांचं दुकान स्वतःचं, त्यांना कसली शिफ्ट! नाताळानंतर पंचांनी, म्हणजे आबांनी आणि उद्धवरावांनीच, नियम काढलाय — रविवारी उपासना सोडून कामाला जाणाऱ्याला प्रभुभोजन नाही. आणि ज्याला मेज नाही, त्यानं लेकराच्या बाप्तिस्म्याला उभं राहायचं नाही.

ईस्टरला बाळीचा बाप्तिस्मा करायचा होता. मी आबांना विचारलं, बापच नाही तर कसं?

"बाळी थांबेल," म्हणाले.

बाळी थांबेल हो. पण तिच्या बापाच्या मनाला काय वाटेल?

मंगळवार, ५ मार्च

काल रात्री दोघांची जुंपली. शांतवन आता घरच्या प्रार्थनेलाही बसत नाही. जेवून सरळ बाहेर कट्ट्यावर. आबा म्हणाले, आत ये. तो म्हणाला, "कशाला? तुमची कृपा म्हणजे आमच्या कंपनीचा गेटपास. दाखवला तर आत, नाहीतर वॉचमन हाकलतो."

"कृपा आहे म्हणून उंबरठाच काढून टाकायचा का?"

"उंबरठा राहू द्या, आबा. दार तरी लावून घेऊ नका."

मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. भांडी जरा जोरातच आपटली.

गुरुवार, ७ मार्च

बाळीनं आज आबांच्या उपासनेच्या काळ्या कोटावर धार सोडली! मी धावले. वाटलं, आता नियम निघणार. आबांनी तिला खाली ठेवलं नाही. तसाच ओला कोट घालून तिला गाणं म्हणून दाखवत बसले. दात नसलेल्या माणसाला नियम नसतात वाटतं!

बुधवार, १३ मार्च

आबांना ताप. काढा, पातळ पेज. बडबडतात, शाळेतल्या पोरांची हजेरी घेतात. शांतवन कामावरून आला की उशाशी बसून पाय चेपतो. बोलत मात्र नाही.

रविवार, १७ मार्च

ताप उतरला, आणि काय चमत्कार! आबा खाटेवर उठून बसले, छत्रीच्या मोडक्या काड्या तारेनं बांधायला घेतल्या. रविवारी! मग म्हणाले, "सूनबाई, तोंडाला चव नाही. गरम भजी कर."

मी म्हटलं, "आबा, आज तर —"

"बेसन आहे ना?"

तापात वारांचा घोळ झालाय बिचाऱ्यांचा. माणूस इतक्या दिवसांनी खायला मागतोय! कांद्याची भजी केली, त्यांनी ताटलीभर खाल्ली. रविवारी गरम गरम खायला किती मजा येते! देवा, माफ कर, मीही चार खाल्ली.

गुरुवार, २१ मार्च

आजचा दिवस जन्मभर विसरणार नाही!

सकाळी आबांनी अंघोळ केली, काळा कोट चढवला. म्हणाले, "कारखाना बंद, बाजार बंद, आणि घंटा अजून वाजली नाही?" माझ्या लक्षात येईपर्यंत दाराबाहेर! घोळ अजून गेलेलाच नाही. शांतवन झोपलेला. मी बाळीला काखेला मारून मागे धावले.

आमची प्रार्थनेची खोली चाळीच्या टोकाला, पत्र्याची. दारात रुळाचा तुकडा टांगलाय, तीच घंटा. आबांनी ठणाठणा वाजवली. रविवार सोडून ती वाजते ती कुणी वारलं तरच! सगळ्या चाळी बाहेर पडल्या. फिटर सयाजी अर्ध्या गालाला साबण लावून पळत आला — "कोण गेलं? कोण गेलं?" पाहतात तर आबा कोट घालून दारात उभे, हसतमुख. "या, या. बसा."

आता त्यांना कोण सांगणार, मास्तर, आज गुरुवार! एकमेकांकडे पाहिलं आणि बसले. साबण पुसून सयाजीही बसला. खोली भरली, मग ओटा भरला. गाणं सुरू झालं आणि मला रडूच आलं. इतके महिने आम्ही बायकाच चिरक्या आवाजात गातोय. आज तीस-चाळीस पुरुषांचे जाड आवाज, पत्रे नुसते घुमत होते.

शेवटी शांतवन आला. दारातच थांबला. आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुढे ये. जागा आहे." एवढंच.

तो पुढे गेला.

नंतर सगळ्यांना चहा. दूधवाल्या गोजाबाईनं नेमकं आजच जास्तीचं दूध आणलं होतं. देवाचीच सोय!

संध्याकाळी त्याच गोजाबाईनं भांडं फोडलं. ती पिंपळे गुरवची, दत्ताची भक्त, रोज आमच्याकडे दूध घालते. आरतीहून येताना पेढा घेऊन आली. "घ्या मास्तर, गुरवारचा परसाद."

आबांनी चष्मा काढला. "गुरुवार," म्हणाले. मग कोटाची नीट घडी घातली. मी आत पळाले. हसू की रडू कळेना.

रविवार, २४ मार्च

उपासना संपल्यावर आबा उभे राहिले. "गेल्या रविवारी मी छत्री दुरुस्त केली. घरात स्टो पेटवायला लावला. भजी खाल्ली. नियम सगळ्यांना सारखा. मला प्रभुभोजन नाही."

उद्धवराव तर घामाघूम! "मास्तर, अहो, तुम्ही आजारी होता!"

"शांतवनला कंपनीची शिफ्ट होती, मला भजीची भूक होती. कुणाचं कारण मोठं, उद्धवराव?"

उद्धवराव खिशातलं घड्याळ काढून बघत बसले. जणू त्यात उत्तर होतं.

रात्री शांतवनला सांगितलं. हसला. आज घरच्या प्रार्थनेला बसला — दाराशी, पण आत.

रविवार, ७ एप्रिल

पाळकसाहेब आले. मेज मांडलं. आबा सगळ्यात मागच्या बाकावर, जागचे हलले नाहीत. पाळकसाहेबांनी दोनदा बोलावलं. मान हलवली, नाही. शेवटी मेज तसंच झाकून ठेवलं आणि पंच आमच्या घरी बसले.

मी भीत भीत विचारलं, चहाला स्टो पेटवू? आबा म्हणाले, "पेटव."

उद्धवराव तळमळून बोलत होते. नियम सोडला तर मंडळी विसकटेल, उद्या कुणी येणारच नाही. खोटं नव्हतं त्यांचं. पाळकसाहेब म्हणाले, "नियम पाळणाऱ्यांसाठीच मेज असतं, तर त्या पहिल्या रात्री तिथं कोण उरलं असतं? एकानं प्रभूला धरून दिलं, एकानं ओळख नाकारली, बाकीचे पळाले. सगळे जेवले होते त्याच मेजावर."

मी कपबशा ठेवत होते. तोंडातून निघूनच गेलं, "आणि ते मेज कुठल्या वारी मांडलं होतं हो?"

उद्धवराव बोटं मोजायला लागले. क्रूस उत्तम शुक्रवारी, मग आदल्या रात्री म्हणजे —

पाळकसाहेब असे हसले की चहा बशीत सांडला. "गुरुवारी! आणि या आठवड्यात तोच गुरुवार येतोय!"

नियम गेला. महिन्यातून एका गुरुवारी मेज मांडायचं ठरलं. उद्धवरावांनीच सुचवलं की बाळीचा बाप्तिस्माही या गुरुवारीच उरकू, ईस्टरला तिचा बाप कामावर असेल. मी त्यांना दुसरा कप दिला, साखर जास्त घालून.

गुरुवार, ११ एप्रिल

झाला! बाळीचा बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी पडताच तिनं असा सूर लावला की सयाजी म्हणाला, कंपनीचा भोंगा फिका!

शांतवननं बाप म्हणून वचन दिलं, नव्या शर्टात, ताठ उभं राहून. नाव आबांना विचारलं होतं. "सोजर," म्हणाले. सोजरबाई माझ्या सासूबाई. मी त्यांना पाहिलंच नाही. आता रोज हाक मारीन.

मग मेज. बाप-लेक शेजारी शेजारी गुडघे टेकून. शांतवनच्या हातावर भाकर ठेवली, तेव्हा आबांनी डोळे मिटले होते. मी मात्र उघडेच ठेवले, एवढ्यासाठीच तर आले होते मी!

शुक्रवार, १२ एप्रिल. उत्तम शुक्रवार

सकाळी गोजाबाईला म्हटलं, बाई, त्या दिवशी जास्तीचं दूध आणलंत, फार सोय झाली.

ती म्हणाली, "म्या कुठलं आनतीय! मास्तरांनी बुधवारीच सांगितलं व्हतं न्हवं का. 'उद्या गुरवार, समद्यांना सुट्टी, लई मानसं येनार, दूध जादा आना.'"

पातेलं हातात घेऊन मी उभीच राहिले. आबांनी आजपर्यंत एकदाही म्हटलं नाही, की मला रविवार वाटला. एकदाही! ते सगळं आम्हीच म्हणत होतो.

आणि भजी? ती तर रविवारीच खाल्ली. माहीत असून.

आबा आज उपास धरून सोजरच्या पाळण्याची दोरी ओढत बसलेत. परवा ईस्टरचा रविवार. बेसन आणून ठेवलंय.