अक्कोची ओहोटी

बाबा, तुम्हाला मराठीतच लिहिते आहे. माझं अक्षर बिघडलं आहे. घरात आता हे वाचू शकणारं कुणी नाही, नातवंडांना तर ही लिपी म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे वाटतात. त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येईल. तुमच्या कोटाच्या खिशातून जे गेलं, ते कुठे गेलं एवढंच सांगायचं आहे. पण तुम्ही गोष्ट मधूनच सांगू द्यायचा नाहीत, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

डिमोनात आपलं घर म्हणजे दोन खोल्या, बाहेर वाळू आणि आत वाळू. आई मुंबईहून आणलेला पोळपाट रोज धुवायची आणि रोज भाकरीत वाळू लागायची. तुम्ही मृत समुद्रावरच्या पोटॅशच्या कारखान्यात जात होतात. बंदरातल्या ऑफिसात कारकुनी केलेला माणूस फावडं घेऊन मिठात उभा राहायचा, आणि संध्याकाळी बूट काढताना म्हणायचा, "समुद्रावरच कामाला आहे मी, अलिबागसारखंच." आई हसायची नाही. तिचं सगळं लक्ष धाकट्याकडे. त्याच्याआधी दोघं गेली होती, म्हणून तो पोटात असताना तिने अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे आपल्या यहुद्यांच्या नबीच्या, एलियाहू हन्नबीच्या, रथाची खूण आहे त्या खडकापाशी, नवस बोलला होता. पोर जगलं तर सहा वर्षं त्याच्या डोक्याला कात्री लागणार नाही, मग जावळ काढून समुद्राला देईन. पोर जगलं. आपण इथे आलो. सहा वर्षं झाली, सात होत आली, वेणी त्याच्या कमरेपर्यंत पोचली, शेजारच्या मोरोक्कोच्या बायका त्याला मुलगी समजून लाडाने गाल ओढायच्या आणि तो चिडून रडायचा. पण समुद्र कुठे होता? तुमचा तो मेलेला समुद्र आईला चालेना. "ज्या पाण्यात मासळी जगत नाही त्यात माझ्या पोराचं जावळ?" असं तिने एकदाच म्हटलं, मग तो विषय तुम्हीही काढला नाहीत.

त्या वर्षी त्याचा ताप सुरू झाला. गुडघे सुजायचे, उतरायचे, पुन्हा सुजायचे. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर झालं आहे. ते हिब्रूत म्हणाले आणि आईला मराठीत मी सांगितलं, कारण घरात हिब्रू मलाच येत होती. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरला काय ठाऊक? नबीचं देणं राहिलंय." तेव्हाच कारखान्याच्या कामगार समितीने सहल काढली. एका दिवसाची, बसने, बरोबर माहिती सांगणारा माणूस, जुना किल्ला बघायला अक्कोला. किल्ल्याशी आपल्याला काय कर्तव्य होतं? पण अक्को समुद्रावर आहे. तुम्ही चौघांची नावं दिलीत. आदल्या संध्याकाळी आईने नबीच्या नावाने मलिद्याचं ताट केलं, पोहे, नारळ, गूळ, कुठून तरी मिळवलेली पाच फळं. तुम्ही दुआ म्हटलीत आणि वेणी कापलीत. धाकट्याने डोकं चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "आता थंडी वाजते." आईने जावळ लग्नातल्या साडीच्या तुकड्यात बांधून तुमच्या हातात दिलं.

ती बस मला अजून दिसते. अंधारातच निघालो, वाळवंट संपेपर्यंत उजाडलं होतं. मागच्या बाकांवर पोलंडची मंडळी गाणी म्हणतायत, पुढे माहिती सांगणारा उंच माणूस दांडी धरून ओरडतोय, धाकटा आईच्या मांडीवर झोपलाय, आणि तुम्ही खिशावर हात ठेवून बसलायत. हैफा मागे टाकल्यावर समुद्र दिसला तेव्हा तुम्ही एकदम ताठ झालात. मला म्हणालात, "काल पौर्णिमा होती, बघितलास ना चांद? पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला. मग पाणी उतरायला लागतं. एकदम टाइमावर पोचतोय आपण." तुमच्या बापाने तुम्हाला शिकवलं होतं की भरतीत दिलेलं समुद्र आणून टाकतो, ओहोटीत दिलेलं घेऊन जातो. आणि परत आलेलं जावळ म्हणजे नवस नाकारला. हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

किल्ला आपण पाहिला तो असा तसाच. राडारोड्याने भरलेली दालनं, ओल, इंग्रजांनी माणसं फासावर दिली ती खोली. तिथे तो उंच माणूस आवाज खाली आणून बोलला आणि मी तुम्हाला मराठीत सांगत राहिले. तुम्ही म्हणालात, "आपल्या कुलाब्याच्या किल्ल्यापुढे हे काय! त्याला ओहोटीला पायी जाता येतं." गल्ल्यांमधून जाताना काही घरांना दारं नव्हती, आत कुणी नव्हतं, आणि ज्या घरांत माणसं होती ती आपल्याकडे बघून आत जात होती. ती रिकामी घरं कुणाची, हे मी विचारलं तेव्हा तो माणूस पुढच्या कमानीबद्दल सांगायला लागला. आईने विचारलं असतं तर मला ते सांगताही आलं नसतं, पण आई मागेच राहिली होती, तटाच्या सावलीत धाकट्याला घेऊन. त्याचा ताप चढला होता.

तुम्ही आणि मी तटाखाली दगडांवर उतरलो. तुम्ही पाण्यातला एक काळा दगड हेरलात, शेवाळाने भरलेला. म्हणालात, "तो उघडा पडला की समजायचं, पाणी उतरतंय." आपण बसलो. दुपार झाली, दगड तसाच. पाणी त्याच्या डोक्यावरून यायचं आणि जायचं. तिथे एक अरब कोळी जाळं शिवत होता. तुम्ही त्याच्याकडे गेलात, पाण्याकडे बोट दाखवून हात वरून खाली आणलात, म्हणजे कधी उतरणार? त्याने आपला पंजा आडवा धरला, हलवला, आणि नाही अशी मान हलवली. तुम्ही परत येऊन मला सांगितलंत, "अजून वेळ आहे म्हणतो." बाबा, तो तसं म्हणत नव्हता. तो म्हणत होता की हे पाणी असंच असतं. या समुद्राला सांगण्यासारखी भरती नाही आणि ओहोटीही नाही. हे मला पुढच्या वर्षी शाळेत कळलं, भूगोलाच्या तासाला, आणि मी वर्गातून उठून बाहेर गेले.

वरून बसचा हॉर्न वाजला. तुम्ही उठला नाहीत. पुन्हा वाजला, उंच माणूस तटावरून हाका मारायला लागला, "होदी, होदी." हिंदुस्थानातून आलेल्यांना तेच नाव होतं. तुमच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी तुम्ही दुआ पुटपुटलात आणि पुडकं फेकलंत. दोन लाटा ते गेलं आणि तिसरीने आणून तुमच्या पायाशी टाकलं. तुम्ही पुन्हा फेकलंत. पुन्हा आलं. मग तुम्ही वाकून ते उचललंत, पिळलंत आणि खिशात ठेवलंत. माझ्याकडे पाहिलंत. मला त्या नजरेचा राग आला, कारण तुम्ही बारा वर्षांच्या मुलीला गप्प राहायला सांगत होतात.

बसमध्ये आईने विचारलं, "दिलंत?"

"दिलं."

"घेतलं?"

"घेतलं," तुम्ही म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत राहिलात.

धाकटा त्याच हिवाळ्यात गेला. डोक्यावर बोटभर केस आले होते. त्यानंतर आपल्या घरात मलिदा झाला नाही. आपल्या लोकांपैकी कुणी ताट पाठवलं तर आई ते दारातूनच परत करायची. "नबीचं नि माझं बोलणं नाही. दिलेलं घेतलं आणि पोरही घेतलं." तुम्ही समोर बसलेले असायचात, मान खाली. मला वाटायचं, आता तरी बोला. नबीला शिव्या बसतायत त्या तुमच्यामुळे. आणि तुमचा हात सारखा कोटाच्या खिशात जायचा. आई घरात नसली की तुम्ही अस्तर उसवून पाहायचात, पेटी उलटी करायचात, पलंगाखाली वाकायचात. पुडकं नाहीसं झालं होतं. विचारणार कुणाला? तुम्ही जाईपर्यंत शोधत होतात, शेवटच्या आजारातसुद्धा तो कोट मागितलात. मी दिला, पण रागानेच दिला. तुमच्यावरचा तो राग मी पुढे पुष्कळ वर्षं जपला.

तुमच्यामागून आई बरीच वर्षं होती. हॉस्पिटलात एके दुपारी मी तिला संत्रं सोलून देत होते, तेव्हा ती म्हणाली, "त्यांचा खिसा मिठाने पांढरा झाला होता गो. दुसऱ्याच दिवशी कोट धुवायला घेतला नि हाताला लागलं."

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"मग? साडी माझी, गाठ माझी."

"आणि तरी नबीशी भांडत राहिलीस?"

तिने फोडीतली बी काढून ताटलीत ठेवली. "कुणाशी तरी भांडायलाच लागणार होतं. ह्यांच्याशी भांडले असते तर घर राहिलं असतं? नबी काय, तो सोसतो."

मग तिने सांगितलं. पोराला न्हाऊ घालणाऱ्या बायकांच्या हातात तिने ते पुडकं दिलं होतं. कफनात त्याच्या पायाशी ठेवलं. ते डिमोनाच्या वाळूत आहे, बाबा, त्याच्याचजवळ. कोट उसवू नका आता.

मागच्या वर्षी आमच्या पेन्शनरांची सहल निघाली, पुन्हा अक्कोच. थंड हवेची बस, माहिती सांगणारी पोरगी नातीच्या वयाची. दालनं साफ केली आहेत, दिवे लावले आहेत. सगळे जेवायला गेले आणि मी पाय दुखतायत म्हणून तटाखाली बसले. पाय दुखत नव्हते. आदल्या रात्री पौर्णिमा होती आणि बारा वाजून गेले होते. मी एक काळा दगड हेरला, आणि सगळं ठाऊक असूनही हॉर्न वाजेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.