तुझ्या गाण्याचा अन्वय

चि. बडबडे,
अनेक आशीर्वाद.

प्रथम तक्रार. तुझं नवं गाणं गाजल्यापासून आमच्या शाळेतली मुलं शब्दरूपं त्याच चालीवर म्हणतात. सप्तमीपर्यंत पोचता पोचता अख्खा वर्ग नाचायला लागतो. व्याकरणाची अशी विटंबना आपल्या घराण्यात आजवर कुणी केली नव्हती.

तरी बाप तो बापच. आज शिक्षकांच्या खोलीत मी त्या गाण्यावर सविस्तर भाष्य केलं. ‘दाराशी मी मला काढून टांगते, मग आत जाऊन सगळ्यांसारखी हसते.’ म्हटलं, हे दार कचेरीचं. नोकरीत चारचौघांसारखं वागावं लागतं, त्यावर कवयित्रीने हाणलेला हा टोला. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "सर, मुलगी तुमच्यावर गेली हो!" मी फुगलो.

घरी येऊन तेच भाष्य तुझ्या आईला ऐकवलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो पंडित, तिने कचेरीचं तोंड तरी पाहिलंय का? ते दार आपल्या घराचं आहे."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. ‘बाबांना सांगू नकोस, ते अर्थ समजावत बसतील’ म्हणाली."

बडबडे, हे पत्र पेटीत टाकायचा धीर मला होणार नाही. तू सुट्टीत येशील, माझ्या विनोदांना हसशील, आणि ते हसू तुझं की सगळ्यांसारखं, हे मला ओळखता येणार नाही. त्याचीच भीती वाटते.

तुझा,
बाबा