निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा दूधभात

वेलेगम, जि. कुरुनेगल, श्रीलंका
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०१९

नौफर नानांस,
धाकट्या बहिणीचा, सुलैहाचा सलाम. वि. वि.

वहिनींचा गुडघा कसा आहे? त्या म्हणतात फोन करत जा, पण टपालखात्यात जन्म काढलेल्या तुम्हाला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळ्या गल्लीला ऐकू जातं. सध्या गल्लीला आपलं काही ऐकू न गेलेलंच बरं.

रविवारी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला. आपल्या गल्लीतल्या एकाही मुसलमानाने ज्याला मत दिलं नाही, तो निवडून आला. दुपारपासून फटाके. बसस्टँडवर मोठाल्या पातेल्यांतून किरिबत वाटला. नारळाच्या दुधातला तोच शुभकार्याचा भात, पण घास भरवताना लोक आपल्या दुकानांकडे बघून हसत होते, असं मला वाटलं. खरं खोटं अल्लाह जाणे. एप्रिलमध्ये आपल्यातल्याच काही माथेफिरूंनी चर्चमध्ये ते बाँब फोडले, मे महिन्यात शेजारच्या गावात आपल्या लोकांची दुकानं जळली, तेव्हापासून फटाका वाजला तरी माझी सुई बोटात घुसते. शटर अर्धं ओढून मी शाळेचे गणवेश शिवत बसले. यंदा निम्मेच आलेत.

पण लिहायचं ते वेगळंच. सोमवारी सकाळी सातला दार उघडलं तर पायरीवर केळीच्या पानाने झाकलेलं ताट, आत किरिबतच्या वड्या. शेजारची पियसीली अक्का पांढरी साडी नेसून रस्त्याने झपाझप चाललेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही. नाना, तिची आणि माझी भिंत एक. माझे हे गेले तेव्हा चाळीस दिवस माझ्या घरची चूल तिने पेटवली. पण एप्रिलपासून तिने माझा उंबरा ओलांडलेला नाही, आणि आता तिच्या सिंहली लोकांचा उमेदवार जिंकल्यावर दूधभात? जखमेवर मीठ चोळायचं तर निदान समोर उभं राहून तरी चोळावं.

मी ताट तसंच नेऊन तिच्या पायरीवर ठेवलं. तीस वर्षांत या दोन घरांतून एकही ताट रिकामं परत गेलं नव्हतं. हे भरलेलं गेलं. केलं ते बरोबर केलं ना?

तुमची,
सुलैहा


कात्तान्कुडी
शनिवार, २३ नोव्हेंबर

चि. सुलैहास,
नानाचे अनेक दुवा. वि. वि.

बरोबर केलंस, शंभर वेळा बरोबर. शिवाय तो भात कुठल्या देवापुढे ठेवून आणला असेल कुणास ठाऊक. असलं अन्न आपल्याला चालत नाही, हे तुला मी सांगायला हवं का?

आता माझं ऐक. मे महिन्यात तू म्हणालीस थांबू या, मी थांबलो. इथे मशिदीमागे दोन खोल्यांचं घर विकाऊ आहे, पुढे मशीन ठेवण्यापुरती जागा आहे. तुझ्या घरालाही गिऱ्हाईक मिळालंय. कुरुनेगलचा दलाल एक तारखेला कागद घेऊन तुझ्याकडे येईल. तू फक्त होय म्हण. इकडे आजूबाजूला सगळी आपली माणसं. रेडिओवर तुमच्या जिल्ह्याचं नाव आलं की हातातलं टाकून मी रेडिओला कान लावतो. आता या वयात सोसवत नाही.

तुझी वहिनी म्हणते, सुलैहा आली की माझ्याबरोबर भांडायला हक्काचं माणूस येईल. उलट टपाली उत्तर धाड.

तुझा नाना


वेलेगम
बुधवार, २७ नोव्हेंबर

नौफर नानांस,
सुलैहाचा सलाम. वि. वि.

रागावू नका. पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मग वहिनींनाही वाचून दाखवा.

काल सकाळी पियसीली अक्का आली. तसंच ताट, तसंच केळीचं पान. उंबऱ्याच्या आत आली, मशीनवरचं कापड बाजूला सारून ताट तिथेच ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. म्हणाली, खा. मी म्हटलं, पोट भरलंय. ती म्हणाली, तुझं पोट गेलं खड्ड्यात, आठ दिवस देव माझ्या मानेवर बसलाय, तू खाल्ल्याशिवाय उतरायचा नाही.

मग हळूहळू उलगडलं. मे महिन्यात शेजारी दुकानं जळत होती, त्या दिवशी तिने हळदीच्या पाण्यात नाणं धुतलं, पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि कतरगमच्या देवाला नवस बोलली. निवडणूक पार पडेपर्यंत सुलैहाच्या कौलावर एक दगड पडला नाही, तर दुसऱ्याच सकाळी दूधभात रांधीन, तुला वाहीन आणि तिला खाऊ घालीन. फेडण्याआधी नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून माझ्याशी चकार शब्द काढला नाही. मी ताट परत केलं, म्हणजे तिच्या हिशेबी नवस अर्धाच फिटला.

मग मीही विचारलंच, की सात महिने इकडे फिरकली का नाहीस. तिने आडपडदा ठेवला नाही. मत तिने त्यालाच दिलं, पुढेही देईल म्हणाली. एप्रिलनंतर मुलाने सांगितलं होतं, त्या घरात जाऊ नकोस, आणि तिला स्वतःलाही माझी भीती वाटली. माझी, नाना! चार फूट दहा इंचांच्या, चष्म्याशिवाय सुईत दोरा न ओवता येणाऱ्या बाईची. पुढे लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की माणूस आणखीनच लांब राहतं. नवसाबद्दलही खरं तेच बोलली. म्हणाली, तुझं घर पेटलं असतं तर भिंत एकच, माझंही पेटलं असतं. तेव्हा सगळंच काही तुझ्या मायेपोटी नव्हतं. मला हसू फुटलं आणि तिलाही. दोघी म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होतो.

तरी मला तुमचं पत्र आठवलं. देवापुढे ठेवलेलं मला चालत नाही, असं मी चाचरत म्हणाले. नाना, तेव्हा मात्र ती खरी दुखावली. म्हणाली, “तीस वर्षांत देवळातून आलेलं ताट तुझ्या दारात कधी ठेवलंय का मी? आधी तुझं काढते, मग देवाचं. देवाला सवय झाली, तुला नाही झाली.”

आणि मग आठवलं. तिच्याकडचं ताट नेहमी सकाळी, ती देवळात जायच्या आधी यायचं. त्या सोमवारीही पांढऱ्या साडीत ती देवळाच्याच रस्त्याला लागली होती. मी डोळ्यांनी पाहिलं. नेहमीची सुलैहा असते तर तिथल्या तिथे ओळखलं असतं. भीतीने एवढं साधं कळेनासं झालं, याची मला फार लाज वाटली.

मी तिच्यासमोर सगळं ताट संपवलं. मिरचीची चटणी नेहमीसारखी जहाल होती.

बाजारात अजून काही चेहरे वळतात, ते लपवत नाही. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. पण दलालाला पाठवू नका. तुम्ही लग्न करून बायकोच्या घरी गेलात, तिकडची रीतच तशी. आपलं घर सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला कोणी विचारलंच नाही. मला विचारलंत, तर माझं उत्तर नाही असं आहे.

माझ्यावर लोभ आहे तेवढाच राहू द्या.

तुमची,
सुलैहा


कात्तान्कुडी
शनिवार, ३० नोव्हेंबर

चि. सुलैहास,
नानाचे अनेक दुवा. वि. वि.

पत्र मिळालं. दलालाला काल सांगून टाकलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, मी घातल्या नाहीत. काल बऱ्याच महिन्यांनी दुपारी आडवा झालो तो थेट दिवस कलताना असरच्या बांगेला उठलो. तुझ्या वहिनीला पत्र दोनदा वाचून दाखवलं. तुझ्या उंचीच्या जागी ती पोट धरून हसली आणि पुढच्याच पानावर रडली. घरजावई म्हणून टोमणा मारलास, तो सव्याज पोचला.

मी काही शूर झालेलो नाही. बातम्यांना रेडिओ लावतोच, आणि पुन्हा काही घडलं तर पहिली बस पकडून तुला न्यायला येईन. तेव्हा मात्र वाद घालायचा नाही. तुझ्या शेजारणीला माझा सलाम सांग. तिच्या भाताबद्दल मी जे लिहिलं ते तिला सांगू नकोस, मला तिच्या घरी जेवायचं आहे. शाळांना सुट्टी लागली की आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी येतो.

एक सांगतो. इथे चाळीस वर्षं झाली. चारी बाजूंना आपलीच माणसं. ताटं येतात, जातात. पण माझ्यासाठी देवाला थांबवून कोणी आधी माझं ताट काढलेलं नाही. आपल्या माणसांत राहायला ये, असं तुला पुन्हा लिहिणार नाही. तू आधीपासून तिथेच आहेस.

लोभ आहेच, त्यात तुझ्याकडून उणं पडू देऊ नकोस.

तुझा नाना