घरी दिले रुपये आठ

२२ ऑक्टोबर १९३३
पाडव्याला नवी वही पुजली. आमचीच बांधलेली, लाल खारव्याच्या कापडाची. अठरा वर्षं रविवार कारंजावरच्या व्यापाऱ्यांना जमाखर्चाच्या वह्या बांधून देतोय, आणि स्वतःचा हिशेब पाकिटांच्या पाठीवर! गेल्या महिन्यात त्याचं बक्षीस मिळालं. इन्कमटॅक्सच्या साहेबांनी वही मागितली, मी पिशवीतून पाकिटं काढली. साहेब हसलेसुद्धा नाहीत. अंदाजाने सतराशे उत्पन्न धरलं नि पस्तीस रु. कर बसवला. सतराशे! एवढे सुटत असते तर सदऱ्याला ठिगळ कशाला लावलं असतं? कापायच्या यंत्रासाठी ठेवलेले पैसे गेले. म्हणजे अजून वर्षभर वह्यांच्या कडा सौ.नेच सुरीने कापायच्या. ती सुरीला धार लावत बसली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२६ ऑक्टोबर
शेजारचे अण्णा येऊन गेले. वकिलांकडे जन्मभर कारकुनी केलेला माणूस, नजर अधू झाली तरी कायदा पाठ. म्हणाले, "नारायणा, हजाराच्या आत असलास तर कर नाही. पण आत आहेस हे वहीनेच दाखवावं लागतं. आणि ती वही दिवाळीच्या आदल्या दिवशी बसून लिहिता येत नाही. रोज लिही." दुकानभाडं, कागद, दोरा, खळीची कणीक, तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद, सगळ्याच्या पावत्या तारेत ओवून ठेवायच्या. घराचं तेल वेगळं, दुकानाचं वेगळं.
मग विचारलं, "वह्या शिवतं कोण?"
"घरातच."
"फुकट? बाहेरचा शिवणारा ठेवला असतास तर त्याचा पगार खर्चात गेला असता ना? मग तो हिला दे. नुसता लिहू नकोस, खरंच दे. महिन्याच्या महिन्याला."
हे मला अठरा वर्षांत सुचू नये!

२७ ऑक्टोबर
सौ.शी पगाराची बोलणी. म्हणाली, "बाहेरचा दहा घेतो." मी म्हटलं, त्याला इथलं जेवण नसतं. "इथलं जेवण रांधतं कोण?" शेवटी तिनेच दोन रुपये सोडले. "आठ द्या. पण लय पुढंमागं करायचं नाय." सिन्नरकडची आहे, व्यवहाराला पक्की.

२० नोव्हेंबर
पहिला पगार दिला. तिने आठही रुपये फरशीवर वाजवून घेतले. नवऱ्याचे रुपये! वर म्हणते, "पगार हाय, ओवाळणी नाय." वहीत लिहिलं: घरी दिले रु. ८.

११ फेब्रुवारी १९३४
रोज वही लिहायची म्हणजे शिक्षा. एक दिवस चुकलो की दुसऱ्या दिवशी दोऱ्याचे की दिव्याचे, काही आठवत नाही. सौ. मात्र दोन पैशांपर्यंत सांगते. आज तेलावरून जुंपली. एकाच दिव्याखाली ती आधी भाजी चिरते, मग वह्या शिवते. तेल घरचं की दुकानचं? अण्णा म्हणाले, अर्धं अर्धं लिही. देवळात दिलेला सव्वा रुपया मात्र त्यांनी खर्चात धरू दिला नाही. "तो तुझा, दुकानाचा नव्हे." देवालाही पावती मागतील हे लोक.

१६ एप्रिल
अधिक वैशाख लागला. सौ.चा सवाल: पगार बारा की तेरा? मी म्हटलं, वर्ष एकच असतं. ती म्हणाली, "मग या महिन्यात शिवू नको म्हणता?" तेरा.
वर्षाची आखणी करायची म्हणून अण्णांनी इतकं बजावलं, पण अधिक महिना त्यांच्याही ध्यानात नव्हता. दोघेही हसलो.

१० नोव्हेंबर
दिवाळी झाली, वर्ष मिटवलं. शिल्लक कागद मोजला, तयार वह्या मोजल्या. सौ.चा पगार सोडून बाकी खर्च वजा जाता उरले १०९५. पगाराचे तेरा महिन्यांचे १०४ वजा केले की ९९१. हजाराच्या आत!
एक मनाला लागलंय ते इथे लिहून ठेवतो. मुंबईचा कागद स्वस्तात मिळाला म्हणून सगळा गल्ला त्यात घातला, आणि भाद्रपद-आश्विनचे पगार वहीत 'दिले' लिहिले, दिले मात्र नाहीत. सौ.ला म्हटलं, वह्या खपल्या की देतो. ती "बरं" म्हणाली. नुसतं "बरं".

१८ जून १९३५
आज इन्कमटॅक्स कचेरीत वहीची तपासणी. पावत्यांची तार पाहून साहेब खूश दिसले. मग कारकुनाने बोट ठेवलं. "घरी दिले, घरी दिले... हा घरखर्च. उडवा."
मी म्हटलं, "पगार आहे तो. शिलाईचा."
"कोणाचा?"
"घरच्यांचा."
"घरचे म्हणजे कोण? नाव सांगा."
बावीस वर्षं झाली लग्नाला. नाव घेतलं ते तेव्हा, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. चार पुरुषांत कसं घ्यायचं? शेवटी खाली बघून म्हटलं, "गोदावरी."
कारकून मुंबईकडचा. म्हणाला, "नदीला पगार देता?" सगळी कचेरी हसली. साहेब हसून झाल्यावर म्हणाले, "शुक्रवारी बाईंना घेऊन या. त्यांनाच विचारतो."
घरी येऊन वही चाळली. हमालाचं नाव आहे. मोरचूदवाल्याचं आहे, त्याच्या गावासकट. तिचंच नाही. लाज वाटली. १०४ हातचे जाणार म्हणून नव्हे, म्हणजे त्याचीही वाटली, पण आधी या गोष्टीची.

२१ जून
सौ. चंद्रकळा नेसून आली. कचेरीत खुर्ची दिली तर बसली नाही.
साहेब: "काय काम करता?"
"कागदाचे फर्मे शिवते. खळ लावते. कडा कापते." हात टेबलावर ठेवले. सुरीचे घट्टे साहेबांनी पाहिले.
"कुणाकडे?"
"नारायण बाळाजींकडे."
स्पष्ट. उखाणा नाही, अडखळणं नाही. माझेच कान तापले.
"पगार मिळतो?"
"मिळतो. अकरा महिन्यांचा मिळाला. दोनाचा राहिलाय, सोळा रुपये."
साहेबांनी वही माझ्याकडे फिरवली. "इथे तर तेराही दिलेत. मग ही वही खरी कशी मानू?"
तीच बोलली, "साहेब, नाय मिळाले ते मी सांगितलं. मिळाले तेबी मीच सांगते. दोन्ही खरं धरा."
साहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, हुकूम पोस्टाने येईल.
रस्त्यात मी चिडलो. "सोळा रुपयांपायी सगळी वही बुडवलीस!"
"सोळासाठी नाय बोलले," ती म्हणाली. "आजवर मला कुणी विचारलं होतं का, मी काय काम करते? पहिल्यांदा विचारलं, तर खोटं सांगू?"

२३ जून
तिचे सोळा दिले. तिने वाजवले नाहीत. वाजवायला हवे होते.

९ जुलै
पोस्टमन आला. हुकूम नाही. एका शाळेचं कार्ड, शंभर वह्या हव्यात.
अण्णा बोटं मोजतात. तेराही महिने मान्य झाले तर ९९१, कर नाही. दोन महिने उडवले तर हजार सात, कर बसलाच. आणि वहीच खोटी ठरवली तर पुन्हा अंदाज, पुन्हा सतराशे, यंत्र पुन्हा लांब. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "साहेब कसा आहे त्यावर आहे."
राग गेला माझा. खरं म्हणजे तिथे ती बोलत होती तेव्हाच ऊर भरून आला होता, भीतीमुळे कळलं नाही. ही बाई माझ्याकडे कामाला आहे, हे माझं भाग्य. तोंडावर सांगायला जमणार नाही. इथे लिहितो.
पगाराचा दिवस. तिला शेजारी बसवून लिहिलं: गोदावरिस शिलाई पगार रु. ८. तिने पोथी वाचतात तसं बोट ठेवून वाचलं नि म्हणाली, "री दीर्घ असते हो."
बावीस वर्षांत तिचं नाव कधी लिहायची वेळच आली नव्हती. खोडून पुन्हा लिहिणार होतो, पण वहीत खाडाखोड दिसली की साहेबांना संशय येतो, असं अण्णांनी बजावलंय. पुढच्या महिन्यात नीट लिहीन.